गावच्या निवडणुकीत मत द्यायचंय? आधी यादीत नाव पाहा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा सांभाळून नऊ वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम केलं. गाव, दोन तांडे आणि टेकडीपलीकडचा एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, एवढा माझा भाग होता. त्या नऊ वर्षांत लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

त्यातला एक प्रसंग आधी सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यामुळे. १५ जानेवारी २०२१ला ग्रामपंचायतीचं मतदान होतं. शाळेच्या फाटकाबाहेर मी यादी घेऊन बसले होते. आठ वाजता एक आजी आल्या. वावरात वेचणीला जायचं होतं, म्हणून लवकर आल्या होत्या. कमरेची पिशवी सोडली, पिशवीतून रुमाल काढला, रुमालाच्या घडीतून मतदार ओळखपत्र. नाव शोधलं, तर यादीत नाही. गावात त्यांच्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या दुसऱ्या एक बाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. नवऱ्याचं नाव तेवढं वेगळं. मयत म्हणून नाव कापताना भलतंच नाव कापलं गेलं होतं. आजी म्हणाल्या, "मी तं जित्ती हाओ ना, बाई." त्या दिवशी त्यांच्यासाठी कोणालाच काही करता आलं नाही. चार-सहा महिने आधी त्यांनी किंवा घरच्या कोणी यादी पाहिली असती, तर एका अर्जाचं काम होतं.

ग्रामपंचायतीची मतदार यादी वेगळी असते का? तिच्यासाठी वेगळा अर्ज भरायचा का?

नाही. गैरसमज सगळ्यात जास्त इथेच होतो. लोकसभा-विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या निवडणुका घेतो तो राज्य निवडणूक आयोग. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४मध्ये तो स्थापन झाला. आयोग दोन असले तरी मतदारांची मूळ यादी एकच. राज्य आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि ती गावाच्या प्रभागांप्रमाणे फोडतो. विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर प्रभागाच्या यादीत ते कुठून येणार? म्हणून नाव नोंदवायचं ते विधानसभेच्या यादीत. त्या एका नोंदीवर सरपंचापासून खासदारापर्यंत सगळ्यांना मत देता येतं.

निवडणूक जाहीर झाल्यावर नाव नोंदवलं तर चालेल ना?

चालत नाही, आणि माणसं नेमकी तेव्हाच माझ्या दारात यायची. राज्य आयोग एक तारीख ठरवतो. त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं असतील, तीच प्रभागाच्या यादीत घेतली जातात. २०२५मध्ये जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि नगरपालिकांच्या निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. ऑगस्टमध्ये अर्ज भरणाऱ्याचं नाव विधानसभेच्या यादीत यथावकाश आलं असेल, पण त्या निवडणुकीत त्याला मत देता आलं नाही.

बॅनर लागले, पॅनल ठरले, चहाच्या टपरीवर हिशेब सुरू झाले की समजा, यादीचं दार बहुतेक बंद झालेलं आहे. नाव नोंदवायचा काळ म्हणजे जेव्हा गावात निवडणुकीचं नावही कोणी काढत नाही. पेरणी आटोपल्यावर, पोळ्याच्या सुमारास, एक दिवस यासाठी काढा.

पोराला अठरावं लागलंय. कधीपासून मत देता येईल?

अठरावं लागून चालत नाही, अठरा पूर्ण व्हावी लागतात. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागत. फेब्रुवारीत जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. २०२२पासून वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही भरता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर येणाऱ्या तारखेला नाव यादीत चढतं.

समजा मुलीचा जन्म ३ ऑगस्ट २००७चा आहे. अठरा पूर्ण झाली ३ ऑगस्ट २०२५ला, तिची अर्हता तारीख १ ऑक्टोबर २०२५. वर सांगितलेल्या निवडणुकीची यादी १ जुलैची होती, त्यामुळे ती त्यात बसत नाही. मुलगी रडकुंडीला येते, बाप आपल्यावर चिडतो, पण यात कोणाची चूक नसते. बारावीच्या मुलांकडून आगाऊ अर्ज भरून घ्यावेत, असं मी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाला सांगत आले आहे.

अर्ज कोणता आणि द्यायचा कुठे?

नव्या नावासाठी नमुना ६. नाव वगळण्यासाठी नमुना ७. पत्ता बदल, नावातली चूक, फोटो बदल, हरवलेल्या कार्डाच्या जागी दुसरं कार्ड, दिव्यांग म्हणून नोंद, या सगळ्यासाठी नमुना ८. एवढे तीन लक्षात ठेवले की पुरे.

अर्ज बीएलओकडे देता येतो. बीएलओ बहुतेक गावात अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात. तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेतही देता येतो. मोबाइल हाताळता येत असेल तर आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवरून किंवा अ‍ॅपवरून घरबसल्या भरा. अडलं तर १९५० या क्रमांकावर फोन करा.

सोबत लागतो एक फोटो, वयाचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार, पॅन यांतलं काहीही चालतं. पत्त्यासाठी आधार, फोटोचं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, विजेचं बिल, जमिनीचा महसुली कागद. कागद घरातल्या आईवडिलांच्या नावावर असेल तर तसं बीएलओला सांगा.

यासाठी कुठेही एक रुपया लागत नाही. अर्ज फुकट, नाव फुकट, पहिलं कार्डही फुकट आणि तेही पोस्टाने घरी. कोणी "करून देतो, दोनशे द्या" म्हणालं तर उठून चालू लागा.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. ऑनलाइन भरला तर संदर्भ क्रमांक येतो, तो वहीत लिहून ठेवा. ही गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. पण अर्ज गहाळ झाला, तर तुम्ही तो दिला होता हे दाखवायला त्या पोचेशिवाय तुमच्याकडे काहीच नसतं.

आमच्याकडे ना जन्मदाखला ना शाळेचा दाखला. पोडावर राहतो. मग?

म्हणून नाव अडत नाही. कागद नसतील तर बीएलओने प्रत्यक्ष येऊन राहण्याची खात्री करायची असते. घर नसलेल्या, पाल टाकून राहणाऱ्या माणसाचंही नाव नोंदवता येतं. त्यासाठी बीएलओने रात्री तिथे जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का, हे पाहायचं असतं. आधार दिलं तर काम सोपं होतं, पण आधार नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

मी पोडावर दिवसा गेले की म्हाताऱ्यांशिवाय कोणी भेटायचं नाही, सगळे वावरात किंवा रानात. संध्याकाळी चुली पेटल्यावर जायला लागले तेव्हा कुठे नावं मिळाली. तांडा, पोड, ढाणा, टोली, बेडा, कुठलीही वस्ती असो, तुमच्याकडे बीएलओ आलेच नसतील तर ते तहसीलदारांना लेखी कळवा. वस्तीच्या दहा जणांच्या सह्या-अंगठे असले की कागद जड होतो.

लग्न होऊन या गावात आले. नाव अजून माहेरी आहे.

नमुना ८ भरा. नवं नाव म्हणून नमुना ६ भरू नका, नाहीतर एकाच बाईची दोन गावांत दोन नावं होतात आणि पुढे दोन्हीकडे घोळ होतो. नमुना ८ मध्ये जुन्या कार्डाचा क्रमांक टाकला की माहेरचं नाव निघतं आणि सासरच्या यादीत चढतं. कार्डाचा क्रमांक तोच राहतो.

मला या प्रश्नाची सगळ्यात जास्त काळजी वाटते. वीस-पंचवीस वर्षं सासरी राबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, ज्यांचं नाव ना इथे ना तिथे. माहेरी भावाने "लग्न झालं" म्हणून कापून टाकलं, सासरी कोणी चढवलं नाही. राशन कार्डात नाव घालायला माणसं धावतात, कारण तिथे धान्य मिळतं. सुनेचं नाव मतदार यादीतही त्याच आठवड्यात घाला. पत्त्याच्या पुराव्याचा प्रश्न आला तर बीएलओ घरी येऊन खात्री करू शकतात.

आम्ही मिरची तोडायला तेलंगणात जातो, वीटभट्टीवर जातो. नाव कापलं जाईल का?

कापायचं नसतं. काही महिने कामासाठी बाहेर गेल्याने राहण्याचं गाव बदलत नाही, कायदाही तसंच सांगतो. घर इथे आहे, पेरणीला परत येता, म्हणजे तुम्ही इथलेच. घरोघर तपासणीच्या वेळी कुलूप दिसलं की "स्थलांतरित" असा शेरा पडण्याची भीती असते. म्हणून जाताना शेजाऱ्याला आणि बीएलओला सांगून जा. मोबाइल नंबर देऊन ठेवा.

मतदान मात्र गावी येऊनच करावं लागतं. तिकडून मत पाठवायची सोय मजुरांना नाही.

पुण्यात कायम स्थायिक झालेल्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांनी नाव तिकडे न्यावं. दोन्हीकडे नाव ठेवणं आणि त्यासाठी खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. "गावच्या निवडणुकीला गाडी पाठवतो, ये" म्हणणारे गावोगाव आहेत. गावात राहणाऱ्याच्या नळाचा, नालीचा, शाळेचा निर्णय त्या गाडीतून येणाऱ्यांनी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रारूप यादी लागली म्हणतात. तिच्यात काय पाहायचं?

निवडणुकीआधी तहसीलदार प्रभागनिहाय प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी प्रसिद्ध करतात. ती ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये पाहायला मिळते. हरकतीला मोजके दिवस असतात. यादीच्या एका पानावर तीस चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, कार्डाचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. नाव सापडलं की तिथेच थांबू नका. खालची, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाची, ओळ वाचा. आमच्या त्या आजींची गडबड वरच्या नव्हे, खालच्या ओळीत होती.

आणि प्रभाग पाहा. एका घरातली सासू प्रभाग १ मध्ये आणि सून प्रभाग ३ मध्ये, असं सर्रास सापडतं. एका रांगेतली अख्खी घरं शेजारच्या प्रभागात गेलेलीही मी पाहिली आहेत. ग्रामपंचायतीच्या प्रभागात काही शे मतं असतात, तिथे वीस नावं इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो.

या टप्प्यावर दुरुस्त होतं ते एवढंच : लिहिताना झालेली चूक, चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव आणि विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत राहून गेलेलं नाव. नवं नाव या टप्प्यावर चढत नाही.

यादी वाचता येत नसेल तर घरातल्या सातवी-आठवीच्या पोराला सोबत न्या. आमच्या शाळेत मी मोठ्या वर्गातल्या मुलांकडून यादीचं वाचनच करून घ्यायचे, पारावर, मोठ्याने, घरक्रमाने. "हे तर मेले", "ही तर नांदायला गेली", "आमच्या बापूचं नाव कुठाय" असं ऐकणारे सांगत जायचे आणि मी पेन्सिलने खुणा करत जायचे. तासाभरात जे कळायचं ते आठवडाभर दारोदार फिरून कळत नसे.

कोणीतरी माझं नाव कापायला अर्ज दिला आहे. गावातलं राजकारण आहे.

नमुना ७ त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार भरू शकतो, पण तेवढ्याने नाव निघत नाही. मयत असल्याखेरीज, ज्याचं नाव कापायचं त्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. नोटीस आली की घाबरू नका आणि ती टाळूही नका. घेतली नाही, सुनावणीला गेला नाहीत, तर समोरच्याचंच खरं धरलं जातं. तारखेला राहण्याचा जो असेल तो कागद घेऊन तहसीलमध्ये हजर राहा.

तरीही निर्णय विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. नाव सरळ गायबच झालं असेल, तर भांडत बसण्याआधी नमुना ६ पुन्हा भरून टाका आणि तक्रार वेगळी करा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत यादीची तारीख निघून जाऊ नये.

माझ्या नावापुढे दोन चांदण्या आहेत. नाव रद्द झालं का?

नाही. २०२५च्या स्थानिक निवडणुकांपासून राज्य आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे अशी खूण करायला सांगितली. तुमच्यासारखंच नाव दुसरीकडे आढळलं, एवढाच तिचा अर्थ. यंत्रणा तुम्हाला विचारेल की तुम्ही कुठल्या केंद्रावर मत देणार, ते सांगा. तोवर संपर्क झाला नसेल तर केंद्रावर हमीपत्र घेऊन, ओळख नीट तपासून मत देऊ देतात. ओळखीचा पुरावा मात्र न विसरता न्या.

ग्रामपंचायतीला मी किती मतं द्यायची?

लोकसभेच्या सवयीने माणसं एक बटण दाबून निघू लागतात, आणि आत गोंधळ उडतो. म्हणून हे सावकाश सांगते.

ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. गावाचे प्रभाग पडतात आणि एका प्रभागात साधारण दोन किंवा तीन जागा असतात. त्यांना अ, ब, क म्हणतात. प्रभागात तीन जागा असतील तर सदस्यांसाठी तुमची तीन मतं, आणि सरपंचाचं एक वेगळं. सरपंच थेट मतदारांनी निवडायची पद्धत २०१७मध्ये आली, २०२०मध्ये रद्द झाली आणि २०२२मध्ये परत आली. म्हणून मोठ्या माणसांनाही आठवत नाही की गेल्या खेपेस नेमकं कसं होतं.

तीन जागा म्हणजे तीन वेगळ्या लढती. अ जागेच्या उमेदवारांत एक बटण, ब जागेच्या उमेदवारांत एक, क जागेच्या उमेदवारांत एक आणि सरपंचाच्या उमेदवारांत एक. एकाच जागेत दोन बटणं दाबून दुसऱ्या जागेचं मत तिथे वळवता येत नाही. एका जागेची यादी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे मतपत्रिकेच्या रंगावरून आणि वरच्या अक्षरावरून ओळखा. बटण दाबलं की त्यापुढचा लाल दिवा लागतो. सगळ्या जागांची मतं देऊन झाली की लांब "पीं" असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर काही राहिलं आहे. खोलीबाहेर पडू नका, केंद्राध्यक्षांना विचारा. ते कोणाला मत द्यायचं हे सांगणार नाहीत, पण यंत्र कसं चालतं हे सांगतील.

ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात. कपबशी, शिलाई मशीन, छत्री अशी मुक्त चिन्हं असतात, आणि एकाच पॅनलच्या चौघांची चार वेगळी चिन्हं असू शकतात. पक्षाचं चिन्ह शोधत वेळ घालवू नका, घरून निघताना चिन्हं पाठ करून जा. कागदाची चिठ्ठी खाली पडणारं व्हीव्हीपॅट यंत्रही या निवडणुकीत नसतं. ते दिसलं नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

जागा अनुसूचित जमातीच्या महिलेसाठी राखीव आहे. आम्ही दुसऱ्या समाजाचे. आम्हाला त्या जागेसाठी मत देता येतं का?

येतं, द्यायलाच हवं. आरक्षण उमेदवाराला असतं, मतदाराला नाही. प्रभागातल्या सगळ्या मतदारांनी सगळ्या जागांसाठी मत द्यायचं. "ती त्यांची सीट आहे, आपलं काय" म्हणून मत न देणारे लोक पुढची पाच वर्षं त्याच सदस्याच्या दारी काम घेऊन जातात.

महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. गडचिरोलीसारख्या भागात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या, कायद्याखालच्या गावांत सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असतं. तिथेही मत सगळ्यांचंच.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला?

दोन मतं. एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. गट आणि गण हे इथले मतदारसंघ, एका गटात दोन गण असतात. इथे पक्षाची चिन्हं असतात. जाता जाता सांगते, ही व्यवस्था महाराष्ट्रात १ मे १९६२ला सुरू झाली, आणि ज्या समितीच्या अहवालावरून ती उभी राहिली तिचे अध्यक्ष आमच्याच पुसदचे वसंतराव नाईक होते.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे सरपंच का नाही?

तुमच्याकडे नगरपंचायत झाली असेल. तिथे नगरसेवक असतात. नगरपंचायतीच्या हद्दीतला मतदार ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेला मत देत नाही.

ओळखपत्र सापडत नाही. मत देता येईल?

यादीत नाव असेल तर येईल. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अशी पर्यायी कागदपत्रं चालतात. प्रत्येक निवडणुकीआधी आयोग पूर्ण यादी जाहीर करतो. मूळ कागद न्या, झेरॉक्स नको. उलट हातात कार्ड आहे आणि यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. कार्ड फक्त तुमची ओळख पटवतं, हक्क यादीतल्या नावाने मिळतो.

केंद्रावर गेलो तर म्हणाले, तुमचं मत झालं. आता?

रागाने परत फिरू नका. केंद्राध्यक्षांना सांगा की तुम्ही मत दिलेलं नाही. ओळख पटली की तुम्हाला "प्रदत्त मत" देता येतं. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. एरवीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण पुढे कोर्टात वाद गेला तर त्या पाकिटाला किंमत येते. आणि तुमच्या नावावर कोणी आलं होतं, याची अधिकृत नोंद होते.

मी कोणाला मत दिलं हे कळतं का? गावात राहायचंय आम्हाला.

तुम्ही कोणतं बटण दाबलं हे कोणालाही कळत नाही. यंत्रात मतांचे आकडे असतात, नावं नसतात. केंद्रात कॅमेरा असला तरी तो खोली पाहतो, पुठ्ठ्याच्या आडोशामागचा हात पाहत नाही. मोबाइल आत न्यायचा नसतो, त्यामुळे "फोटो काढून दाखव" म्हणणाऱ्याला सरळ सांगा की मनाई आहे.

पण प्रश्नामागची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. मोजणी प्रभागाप्रमाणे होते. तीनशे मतांच्या प्रभागात कुठला तांडा कुणीकडे गेला, याचे अंदाज लोक बांधतात. मजुरी देणारा, उसने पैसे देणारा, ट्रॅक्टर भाड्याने देणारा, सगळे तिथेच असतात. म्हणून अंदाजावरून कोणी धमकावलं, काम बंद केलं, तर ते सोसू नका. मतदानाआधी असेल तर आचारसंहितेची तक्रार तहसीलदारांकडे, नंतर असेल तर पोलिसांकडे. आणि घेतलेल्या पाकिटाची शपथ देवासमोर घ्यायला लावतात, तिचं ओझं मनावर ठेवू नका. मत विकत घेणं हाच गुन्हा आहे, त्यावर घेतलेली शपथ कशी पाळायची असेल?

सासऱ्यांना दिसत नाही, चालवत नाही. घरून मत देता येईल?

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ठरावीक दिव्यांग मतदारांसाठी घरून मताची सोय आहे. गावच्या निवडणुकीत ती गृहीत धरू नका, केंद्रावर जावं लागतं. दिसत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल तर १८ वर्षांवरचा एक सोबती आत नेता येतो. एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. रांगेत उभं राहवत नसेल तर सांगा, पुढे घेतात.

मतदानाची वेळ काय? सुट्टी मिळते का?

ग्रामपंचायतीला साधारणपणे सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. गडचिरोलीत आणि गोंदियाच्या काही भागात दुपारी तीनलाच संपतं, हे तिकडच्यांनी विसरू नये. वेळ संपताना रांगेत असलेल्या सगळ्यांना मत देता येतं. त्या दिवशी आठवडी बाजार असेल तर तो पुढे-मागे करतात. वेचणीच्या दिवसांत बायकांची रांग सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर लागते. मालकाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

गावकऱ्यांनी बिनविरोध ठरवलं आहे. मग मतदान नाही?

एका जागेला एकच अर्ज उरला तर मतदान होत नाही, हे खरं. गावाने एकोप्याने ठरवलं तर चांगलंच. पण सरपंचपदाची बोली लावून, देवळाला सर्वात जास्त पैसे देणाऱ्याला बिनविरोध करणं हे बेकायदा आहे. जानेवारी २०२१मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक आयोगाने याच कारणाने रद्द केली. देवळाला कळस हवा तर वर्गणी काढा.

उमेदवार पसंत नसतील तर यंत्रावर "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण असतं. तेही प्रत्येक जागेसाठी वेगळं असतं.

एका मताने काय होतं?

दोन उमेदवारांना सारखी मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात. तहसीलमध्ये एखाद्या लहान मुलाला बोलावून डब्यातून चिठ्ठी काढून घेतात. घरी बसलेल्या एका माणसाने ते पाच वर्षांचं काम त्या चिठ्ठीवर सोपवलेलं असतं.

निवडणूक नसताना यादीतल्या नावाचा काही उपयोग?

फार मोठा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड, विकास आराखडा, वर्षाचा जमाखर्च, दारूबंदीचा ठराव, हे सगळं ग्रामसभेपुढे येतं. तिथे हात वर करायचा हक्क याच यादीतून येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो ग्रामसभेच्या बळावर. तिथली घोषणा आमच्या पोडावरच्या पोरांनाही पाठ आहे : "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार."

आजींचं पुढे काय झालं?

हा प्रश्नही मला गावात विचारतात. त्याच आठवड्यात त्यांचा नमुना ६ भरला. वयाचा कागद नव्हता, जुनं कार्ड जोडलं, घरी जाऊन खात्री केल्याची नोंद मी स्वतः लिहिली. उन्हाळ्यात नाव चढलं. कार्ड पोस्टाने आलं तेव्हा त्यांनी ते शाळेत आणून दाखवलं आणि नवऱ्याचं नाव बरोबर आहे का, ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.